अनोळखी उपकरण

तार्तूच्या ज्या भागात रस्त्यांना भाज्यांची नावं आहेत
तिथे, वाटाणा गल्लीत, लेइदाबाईंच्या लाकडी घरी
मी नवा राउटर बसवायला गेलो.
बाहेर उणे अठरा.
पायऱ्यांवरचा बर्फ मात्र कुणीतरी खरवडून काढलेला,
सरपणाच्या खोलीपर्यंत फावड्याची सरळ वाट.
बूट दारात काढले. मोज्याला भोक होतं,
ते त्यांनी पाहिलं, आणि पाहिलंच नाही.

घराच्या मधोमध विटांची भट्टी, छताला टेकलेली.
"सगळ्या खोल्यांना ऊब इथूनच जाते," त्या म्हणाल्या.
"आणि सिग्नल इथेच अडतो," मी म्हणालो.
मग तार घेतली हातात,
भट्टीला वळसा घालून, भिंतीच्या पायाशी,
दर दोन विती खिळा,
जुन्या टेलिफोनच्या भोकातून पलीकडे.
ते भोक कुणी बुजवलं नव्हतं. बरं झालं.

"एकच अट, तार्वो.
नेटवर्कचं नाव जुनंच. पासवर्डही जुनाच."
मी म्हटलं, पासवर्ड बारा वर्षांचा आहे,
बदललेला बरा.
"या वयात नवं काही पाठ होत नाही,"
असं म्हणत त्यांनी तो मला
घडाघडा म्हणून दाखवला,
एकवीस अक्षरं, मधल्या दोन आकड्यांसकट.

मग हजेरी घ्यायला बसलो.
फोन पहिल्या हाकेला आला.
टीव्हीसाठी रिमोटच्या बाणाने एकेक अक्षर वेचलं,
घेवड्यातले खडे वेचावेत तसं,
आणि विसाव्याला चुकलो.
टॅबलेट आधी रुसला, मग आला.
प्रिंटरचा दिवा केशरीच राहिला.
"हा आमच्या एंडेलसारखा," बाई म्हणाल्या,
"ऐकून सगळं घेतो, करत काही नाही."
"ऐकलं," स्वयंपाकघरातून एंडेल म्हणाले.
कमरेचं हाड बदलल्यापासून
ते खुर्ची सोडत नाहीत फारशी.

तीन आले, एक बाहेर.
यादीत मात्र चार.
चौथ्यासमोर लिहिलेलं: अनोळखी उपकरण.
तीन वाजून चाळीस मिनिटांनी आलेलं,
शाळा सुटून घरी पोचायला लागतात
तेवढ्या वेळाने.

"बाई, तुमच्या घरात कुणीतरी शिरलंय.
एक बटण दाबतो, बाहेर जाईल."
त्या उठल्या, भट्टीचं दार उघडलं,
काठोकाठ भरलेल्या आगीत आणखी एक लाकूड
बसतंय का बघू लागल्या.
एंडेल खोकले. तो खोकला खोकल्याचा नव्हता.
वर, डोक्यावरच्या मजल्यावर,
खुर्ची सरकल्याचा आवाज झाला,
आणि कुणीतरी परक्या भाषेतले पाढे
मोठ्याने म्हणायला लागलं.

बोट बटणावरून काढलं मी.

घरातला पत्ता असा चोवीस तासांच्या भाड्याने मिळतो;
मुदत संपली की पुन्हा मागायचा,
मिळेल तो घ्यायचा.
चौथ्याचा पत्ता मी कायमचा करून टाकला.
शेवटचा आकडा सतरा.

"इथे नाव लिहिता येतं का?" बाईंनी विचारलं,
चष्मा कपाळावर, नजर भट्टीत.
येतं, म्हटलं. काय लिहू?
थोडा वेळ लाकडं तडतडली.
"फावडं," त्या म्हणाल्या. "लिहा, फावडं."

प्रिंटर शेवटपर्यंत जोडला गेला नाही.
मंगळवारी पुन्हा येतो म्हणालो,
बिलात त्याचा अर्धा तास लावला नाही.
निघताना पायऱ्यांवर नवा बर्फ भुरभुरत होता,
बोटभर, फार तर दीड बोट.
सकाळपर्यंत कुणी ना कुणी काढेलच.